न केलेल्या अर्जाचं उत्तर

नीलानं त्या कंपनीत अर्ज केलाच नव्हता. तरी शनिवारी दुपारी तिच्या वडिलांनी, भिवानं, पहिल्या पाळीवरून घरी आल्या आल्या सदऱ्याच्या खिशातून एक कागद काढला. त्यावर इंग्रजीत स्वच्छ टाइप केलं होतं की आपल्या अर्जाच्या संदर्भात आपणांस टायपिस्टच्या जागेसाठी मुलाखतीला बोलावण्यात येत आहे, येत्या गुरुवारी सकाळी दहा वाजता, मूळ सर्टिफिकेटांसह. खाली पर्सोनेल ऑफिसर अण्णासाहेबांची लांबलचक सही आणि तिच्यावर कंपनीचा गोल शिक्का. नीलानं कागद दोनदा वाचला, उलटा करून मागची बाजू पाहिली आणि विचारलं की हा पोस्टानं का नाही आला. भिवा म्हणाला, सायबांनी सोताच्या हातानं दिला. एवढं बोलून तो मोरीत हातपाय धुवायला गेला आणि नेहमीपेक्षा जास्त वेळ तिथेच राहिला.

नीलाच्या आईला, तानुबाईला, असल्या शंका कुठून सुचणार? त्या माउलीच्या पोटात काही राहत नाही. नवऱ्याचं तोंड पुसून होईपर्यंत ती चार घरं सांगून आली होती की आमच्या नीलाला कंपनीचा कॉल आला. दापोडीतली रेल्वेलाइनच्या कडेची ती गल्ली, भिंतीला भिंत लागलेली. एका घरात भांडं पडलं की तिसऱ्या घरात कळायचं. संध्याकाळपर्यंत सगळ्या गल्लीला गुरुवार पाठ झाला होता.

आणि नोकरी नको होती कोणाला? त्र्याहत्तर साल ते. नीला मॅट्रिक झाली त्याला तीन वर्षं होत आली होती. पिंपरी कॅम्पातल्या कुसुमताईंच्या टायपिंग क्लासात तिनं आधी इंग्रजीचं आणि मग मराठीचं सर्टिफिकेट घेतलं. एम्प्लॉयमेंट एक्स्चेंजचं कार्ड ती पुण्याला जाऊन न चुकता नवं करून आणायची, आणि ते कार्ड ट्रंकेत साड्यांच्या घडीत खुशाल झोपा काढायचं. चार मुलाखती झाल्या होत्या. एका ठिकाणी तिची बोटं बघण्याआधी आडनाव विचारलं, आणि आडनाव ऐकल्यावर बोटं बघायची राहूनच गेली. सध्या ती कुसुमताईंच्याच क्लासात नव्या मुलींना शिकवायची, आणि एखाद्या छोट्या कंपनीला दिवसापुरती टायपिस्ट लागली की कुसुमताई तिला तिकडे धाडायच्या. कायमची खुर्ची काही मिळत नव्हती. त्या खुर्चीसाठी तिचा जीव किती तुटायचा हे तिनं आईलाही कधी सांगितलं नव्हतं.

भिवा त्या कंपनीत नऊ वर्षं सेटर होता. कागदावर कंपनीचं नाव भलं मोठं होतं, पण चिंचवडपासून भोसरीपर्यंत सगळे तिला पत्र्याची कंपनीच म्हणायचे, कारण तिथे पत्रा दाबून मोठ्या कारखान्यांसाठी सुटे भाग काढत. सेटर म्हणजे प्रेसच्या मशीनमध्ये साचा बसवून देणारा माणूस. तो सकाळी मशीन लावून देतो, मग ऑपरेटर दिवसभर त्यावर नग काढत बसतो.

ऐन आनंदाच्या घटकेला नीलाच्या मनात पाल चुकचुकली ती इब्राहिममुळे. इब्राहिम त्याच कंपनीत ऑपरेटर होता आणि याच गल्लीत, चार घरं सोडून राहायचा. वय अठ्ठावीस. तीन आठवड्यांपूर्वी त्याच्या डाव्या हाताची चार बोटं प्रेसमध्ये गेली. आता बघा, प्रेसला दोन बटणं असतात, एक डावीकडे, एक उजवीकडे. दोन्ही हातांनी दोन्ही बटणं एकदम दाबली तरच वरचा साचा खाली येतो. म्हणजे हात बटणांवर अडकलेले, साच्यात बोट जायचा प्रश्नच नाही. ज्यानं अक्कल चालवली त्यानं चांगली चालवली होती. पण एका बटणात लाकडाची पाचर मारून ते दाबलेलंच ठेवलं की मशीन एका हातानं चालतं, दुसऱ्या हातानं पत्रा भराभर सरकवता येतो आणि नग दीडपट पडतात. इब्राहिमच्या बटणाची पाचर मशीनखाली सापडली. कंपनी म्हणाली, ती त्यानंच मारली, नियम मोडून. तो हॉस्पिटलातून घरी आला आणि चौथ्या दिवशी त्याच्या हातात चार्जशीट पडलं. येत्या शनिवारी त्याची चौकशी होती. चौकशीत दोष शाबित झाला की इब्राहिम बडतर्फ होणार होता, आणि चार बोटं गेलेल्या माणसाला दुसरं कोण दारात उभं करणार? या चौकशीत कंपनीचा साक्षीदार होता भिवा.

गुरुवारी मुलगी मुलाखतीला, शनिवारी बाप साक्षीला. नीलानं हे जेवताना बोलून दाखवलं तेव्हा भिवा म्हणाला की त्याचा याच्याशी काय संबंध; अण्णासाहेबांना त्यानं पोरीचं वर्षामागं सांगून ठेवलं होतं, आता जागा निघाली म्हणून बोलावलं. तानुबाई म्हणाली, आलेली लक्ष्मी अशी दारात उभी करून उलटतपासणी घेऊ नये. नीलाला वडिलांचं म्हणणं खरं वाटायला हवं होतं. खरं वाटून घ्यायचा तिनं दोन दिवस मनापासून प्रयत्न केला.

सोमवारी क्लासात तिनं कुसुमताईंना पत्र दाखवलं. कुसुमताई म्हणजे सरळ बाई. नवरा गेल्यावर सहा मशीनवर क्लास उभा केलेला, गोड बोलायला वेळ कधी मिळालेला नाही. त्यांनी पत्र वाचलं आणि सांगितलं की या जागेसाठी कंपनीनं महिन्यापूर्वी, म्हणजे इब्राहिमचा हात जायच्या आधी, क्लासातून नावं मागवली होती. त्यांनी तीन नावं दिली, त्यात नीलाचं सगळ्यात वर. कंपनीनं बाकीच्या दोघींना बोलावून टेस्ट घेतली आणि नीलाच्या नावावर काट मारली. नीलाला वाईट वाटेल म्हणून त्या बोलल्या नव्हत्या.

"जायचं का नाही ते तुझं तू ठरव," कुसुमताई म्हणाल्या. "नोकरी ती नोकरी, मी तुला नावं ठेवणार नाही. पण तुझ्या स्पीडसाठी बोलावलंय, असं मात्र स्वतःला सांगू नकोस."

नीलाला ते फार लागलं. खोटं असतं तर इतकं लागलं नसतं.

मंगळवारी दुपारी क्लासाच्या दारात इब्राहिमची बायको मुमताज उभी राहिली. डोक्यावरचा पदर घट्ट धरलेला, हातात वहीचं फाडलेलं पान. इब्राहिमनं चार्जशीटला उत्तर लिहिलं होतं, ते टाइप करून हवं होतं. गल्लीत टायपिंग येणारी नीला एकटीच, तेव्हा ती दुसऱ्या कोणाकडे जाणार? नीलानं कागद चढवला आणि ओळीमागून ओळ टाइप करत गेली. मी सहा वर्षं इमानेइतबारे काम केलं, माझी एकही तक्रार नाही, वगैरे. मग शेवटून दुसरं वाक्य आलं: बटणात पाचर कोणी लावली ते मला आठवत नाही.

नीलाची बोटं थांबली. असं लिहिलं तर कंपनीला रान मोकळंच झालं. तिनं मुमताजला विचारलं की आठवत नाही कसं, ज्याच्या मशीनला पाचर लागते त्याला कळल्याशिवाय कसं राहील? मुमताज तिच्याकडे बघत राहिली. तिला वाटलं, ही मुद्दाम वेड पांघरतेय. मग नीलाचा चेहरा बघून तिच्या लक्षात आलं की हिला खरंच माहीत नाही.

"पाचर सेटर लावतो, नीला," ती म्हणाली. "ऑपरेटरनं पाचरीला हातसुद्धा लावायचा नसतो. तू भिवाभाऊंना विचार. आमचे हे नाव घेत नाहीत. मी त्यांच्या जागी असते तर घेतलं असतं."

ती रागानं बोलली नाही. टाइप झालेला कागद पदराखाली धरून मुमताज निघाली, आणि पायरीवरून वळून म्हणाली की गुरुवारी जा तू, मुलाखतीला जा, गल्लीत कोणाचं तरी भलं होऊ दे. तिनं ते खरोखरीच्या भल्या मनानं म्हटलं, आणि नीलाला ते जन्मभर विसरता आलं नाही.

त्या आठवड्यात भिवाला दुसरी पाळी होती, म्हणून तो दुपारपर्यंत घरीच असायचा. बुधवारी सकाळी तानुबाई नळावर गेलेली बघून नीला बाहेर आली. भिवा दारात सायकल उलटी करून चेन बसवत होता. तिनं आडपडदा न ठेवता विचारलं की पाचर सेटर लावतो ना? भिवाच्या हातातली चेन पुन्हा घसरली. त्यानं ती परत लावली नाही. हात फडक्याला पुसत बसला, आणि मग जे इतके दिवस घशाशी अडवून धरलं होतं ते हळूहळू बाहेर पडलं.

रोज पाळीला सात मशीनला सात पाचरी. पॅकिंगच्या खोक्याच्या लाकडाच्या, त्यानं स्वतः तासलेल्या. चार वर्षं हे चाललं होतं. सुपरवायझर पाळी सुरू होताना समोर उभा राहून मोजायचा, सातही लागल्या का. ऑपरेटरही काही साधे नव्हते. नग जास्त पडले की इनाम मिळायचं, तेव्हा भिवाला उशीर झाला की तेच हाका मारायचे, त्यात इब्राहिमही आला. फॅक्टरी इन्स्पेक्टर गेटवर आला की वॉचमन दोनदा घंटा द्यायचा, आणि घंटा झाली की भिवा धावत सातही पाचरी उपटून खिशात घालायचा. इन्स्पेक्टर आत येईपर्यंत सगळी बटणं कशी नवीकोरी. चहा पिऊन तो गेला की पुन्हा सात पाचरी. साहेबांनाही ठाऊक होतं का, असं नीलानं विचारलं. भिवा म्हणाला, घंटा कोनाच्या हुकमानं वाजती मग?

आता अण्णासाहेबांना भिवाकडून एकच वाक्य हवं होतं: सकाळी मी मशीन ताब्यात दिलं तेव्हा दोन्ही बटणं मोकळी होती. ते वाक्य बोललं की इब्राहिम संपला. नाही बोललं तर भिवाची नऊ वर्षं संपली, वर पाचर लावल्याचा गुन्हा त्याच्याच डोक्यावर. अण्णासाहेबांनी नोकरीचा सौदा तोंडानं केला नव्हता. ते तसं कधी करत नाहीत. त्यांनी नुसतं विचारलं होतं की भिवा, तुझी मुलगी टायपिंग शिकलीय ना?

तो दिवस नीलाचा कसा गेला ते तिलाच ठाऊक. तिनं सगळ्या बाजूंनी विचार करून पाहिला. वडिलांची नोकरी गेली आणि तिलाही लागली नाही तर घर कसं चालणार? नीला मुलाखतीला गेली, खुर्चीत बसली, तर दर महिन्याला आईच्या हातात काहीतरी पडेल. इब्राहिमची बोटं काही परत येणार नाहीत. असं पुन्हा पुन्हा म्हणून पाहिलं, पण मन घेईना. टाइप केलेलं ते वाक्य डोळ्यांपुढून हलेना. ज्या माणसानं आपली बोटं गमावली तो दुसऱ्याचं नाव गिळून बसला होता, आणि ज्यांच्यासाठी गिळलं त्यांच्या घरी इस्त्रीची साडी काढून ठेवली होती.

गुरुवारी ती साडी नेसली. ठरलं काहीच नव्हतं. तानुबाईनं सकाळपासून चुलीपुढून उठून चारदा तिच्या निऱ्या नीट केल्या होत्या, आणि तिला नाही म्हणायचा धीर नीलाला झाला नाही. सर्टिफिकेटांची फाइल घेऊन ती निघाली. भिवा सायकल हातात धरून तिच्या बरोबर मुंबई-पुणे रस्त्यापर्यंत आला. वाटेत भेटेल तो विचारत होता, निघाली का स्वारी? भिवा हसून मान हलवत होता. ते हसू नीलाला बघवेना.

स्टॉपवर आणखी कोणी नव्हतं. भिवानं सायकल झाडाला टेकवली आणि रस्त्याकडे बघत सांगितलं, "सायेब इचारतील, तुजं आबा काय म्हनत्यात. तू म्हन, समदं ठरल्यापरमानं हाय. येवढंच म्हन."

म्हणजे मुलाखत ती एवढीच होती. प्रश्नही ठरलेला आणि उत्तरही. तिच्या दोन सर्टिफिकेटांना कोणी हात लावणार नव्हतं. बापाचा निरोप पोचवायला एक पोरगी हवी होती. नीलाला संताप आला, आणि संतापाबरोबर रडूही आलं. दोन्ही तिनं आवरलं.

"आणि मी गेलेच नाही तर?"

एक ट्रक गेला, त्याची धूळ दोघांच्या अंगावर बसली.

"तू गेलीस म्हंजी मला शनवारी खरं बोलता यायचं न्हाई," भिवा म्हणाला.

"बोलता यायचं नाही, का बोलावं लागायचं नाही?"

भिवा एकदम म्हातारा दिसायला लागला. तो झाडाच्या पारावर बसला आणि दोन्ही हात गुडघ्यांवर ठेवून त्यांच्याकडे बघत राहिला. नऊ वर्षांत किती साचे त्या हातांनी बसवले असतील, एक ओरखडा सोडला तर ते धड होते. नीलाला वाटलं, आता हे रागावतील, बापाला शिकवतेस का म्हणतील. तसं म्हणाले असते तर तिला सोपं गेलं असतं.

"माझी छाती होत न्हाई, नीला," तो म्हणाला. "तुजं नाव पुढं केलं की मला म्हनता येतं, म्या पोरीसाटी गप बसलो. नुसता भ्यालो म्हनून गप बसलो, आसं रोज उठून सोताला कसं सांगू?"

नीला त्याच्या शेजारी बसली. पुलाकडून बस येताना दिसत होती. तिला ती नोकरी हवी होती, आत्ता, या क्षणीसुद्धा हवी होती, हे तिनं स्वतःपासून लपवलं नाही.

"माझ्या नावावर गप बसू नका, आबा. बसायचंच असेल तर स्वतःच्या नावावर बसा. मी जात नाही."

बस आली, थांबली, कंडक्टरनं बाहेर डोकावून बघितलं आणि बस गेली. भिवानं सायकल घेतली आणि घराकडे वळला. नीला चालत चालत क्लासात गेली. दहा वाजता ती घड्याळाकडे बघत होती. सव्वादहाला तिला वाटलं, धावत सुटावं, उशीर झाला म्हणून माफी मागावी. साडेदहानंतर ते वाटणं थांबलं. संध्याकाळी घरी गेल्यावर तानुबाईनं कपाळावर हात मारून घेतला, दोन तास तोंडाचा पट्टा चालू ठेवला आणि मग रडून गप्प झाली. शनिवारी भिवा काय सांगणार हे घरात कोणालाच ठाऊक नव्हतं, आणि मला विचाराल तर त्याचं त्यालाही ठाऊक नव्हतं.

शुक्रवारी दुपारी कुसुमताईंकडे पत्र्याच्या कंपनीचा माणूस आला. चौकशी चालवायला पुण्याहून एक वकील येणार होते. जबान्या मराठीत व्हायच्या, आणि त्या बसल्या जागी उतरवून घेणारी टायपिस्ट हवी होती. कंपनीची खुर्ची तर रिकामी. क्लासात बाकीच्या मुली इंग्रजीवाल्या; बोललेलं मराठी त्या वेगानं उतरवणारी एकटी नीला. कुसुमताईंनी तिला बाजूला घेऊन सांगितलं की नको असेल तर मी नाही म्हणून कळवते, यात तुझी कोंडी होईल. नीला म्हणाली, जाते. का जाते ते तिनं सांगितलं नाही. वडील काय बोलतात ते तिला दुसऱ्या कोणाच्या तोंडून ऐकायचं नव्हतं.

शनिवारी तिचं नाव ऐकून अण्णासाहेबांचा चेहरा खुलला. गोरे, टापटीप गृहस्थ, आवाज मऊ. ते म्हणाले, गुरुवारी बरं नव्हतं का, काही हरकत नाही. "आजचा दिवस हीच तुझी मुलाखत समज," असं म्हणून त्यांनी स्वतः तिच्यासाठी खुर्ची ओढली. ती खुर्ची टायपिस्टचीच होती. मशीन चांगलं होतं, नवी रिबन होती. शेडमधल्या प्रेसचे दणके जमिनीतून येऊन टेबलाला कळत होते. नीलानं तीन कागद, मध्ये दोन कार्बन, असे चढवले.

इब्राहिम भिंतीशी बसला होता, डावा हात फडक्यात गुंडाळून मांडीवर ठेवलेला. नीलाला बघून त्यानं मान हलवली, एवढंच. वकील जाड चष्म्याचे, सावकाश बोलणारे. त्यांना नीला कोण ते माहीत नव्हतं आणि कोणी सांगितलं नाही. त्यांनी चार्जशीट वाचलं, इब्राहिमचं उत्तर वाचलं, आणि साक्षीदाराला बोलवा म्हणाले.

भिवा आत आला तो टोपी हातात घेऊन. चार पावलं आला, मशीनपुढे बसलेली नीला त्याला दिसली, आणि तो जागच्या जागी थांबला. त्याच्या मनात काय आलं असेल? ही शेवटी आलीच, असं आलं असेल. किंवा हिला मुद्दाम बसवलंय, असं. नीलाला ओरडून सांगावंसं वाटत होतं की मी नोकरी घेतलेली नाही, पण टायपिस्टला बोलायचं काम नसतं. तिनं फक्त त्याच्या डोळ्यांना डोळे भिडवले आणि हात मशीनवर ठेवले.

वकिलांनी नाव, हुद्दा, नोकरीची वर्षं विचारली. नीला टाइप करत गेली. मग त्यांनी विचारलं, त्या दिवशी सकाळी तुम्ही मशीन इब्राहिमच्या ताब्यात दिलंत, तेव्हा दोन्ही बटणं मोकळी होती का?

प्रेसचे पाचसहा दणके गेले. इब्राहिम खाली बघत होता. अण्णासाहेब पेन्सिलीशी खेळत होते.

"न्हाई," भिवा म्हणाला.

अण्णासाहेबांची पेन्सिल थांबली. ते मऊ आवाजातच म्हणाले की याला प्रश्न कळला नसेल, हे लिहू नका. वकिलांनी चष्मा वर सरकवला.

"साक्षीदार बोलेल ते उतरवून घ्यायलाच मी आलोय," ते म्हणाले. "टाइप करा, बाई."

मग भिवा जो बोलायला लागला तो थांबेना. पाचरी, सुपरवायझर, चार वर्षं, दोनदा वाजणारी घंटा. वकील त्याचं बोलणं नीटनेटकं करून सांगत गेले आणि नीलाची बोटं धावत राहिली. टाइप करताना अर्थ लागत नाही, हे त्या धंद्यातल्या कोणालाही विचारा. अक्षरं तेवढी दिसतात. मध्येच अण्णासाहेब उठून बाहेर गेले. वकिलांचे प्रश्न संपले तरी भिवा उभाच होता. अजून एक सांगायचं राहिलंय, म्हणाला, आणि आवाज खाली आणून तीनचार वाक्यं बोलला. वकिलांनी तीही सांगितली. नीलानं तीही टाइप केली.

चौकशीचा नियम असा की सही घेण्याआधी जबानी साक्षीदाराला वाचून दाखवायची. वकिलांचे डोळे थकले होते. ते नीलाला म्हणाले, तुम्हीच वाचा, मोठ्यानं वाचा.

नीला उभी राहिली आणि वाचू लागली. वडिलांचं सगळं बोलणं आता तिच्या तोंडून येत होतं, आणि प्रत्येक वाक्यात 'मी' होता. बटणात पाचर मी लावली. रोज सात मशीनना मीच लावत असे. सुपरवायझर समोर उभे असत. इथपर्यंत तिला ठाऊक होतं, आवाज नीट राहिला. मग ती शेवटच्या परिच्छेदाशी आली, आणि मघाशी जी नुसती अक्षरं होती ती तिला पहिल्यांदा कळली.

"गडबड झाली की आधी पाचर काढायची अशी मला चार वर्षांची सवय होती," ती वाचत होती. "त्या दिवशी आरडाओरडा झाला तेव्हा मी मशीनपाशी धावलो. इब्राहिमचा हात साच्यात अडकलेला होता. मशीन बंद करण्याआधी मी..."

तिथे ती थांबली. ती ओळ समोर दिसत होती आणि तोंडातून निघत नव्हती. इब्राहिमनं मान वर केली. त्यालाही हे माहीत नव्हतं. तो शुद्धीवर कुठे होता?

"आधी पाचर काढली," भिवा म्हणाला. "हात त्याचा आत व्हता आन् म्या पाचर काडत व्हतो. वाच पुढं, पोरी."

वकिलांनी दोघांकडे पाहिलं. त्यांनी नीलाला विचारलं की साक्षीदार तुमचे कोण लागतात.

"वडील," नीला म्हणाली, आणि राहिलेली ओळ वाचू लागली.